माईंना आतून बोलावणं येतं

कस्तुराबाई लग्न होऊन मोशीत आल्या तेव्हा इंद्रायणीच्या काठानं सगळा कांदा आणि मका होता. त्यांच्या हसण्याची ख्याती नवऱ्याच्या नावाआधी गावभर झाली. सासूनं आल्या आल्याच ताकीद दिली, "सूनबाई, हसायचं तर पदर घिऊन." कस्तुराबाई पदर घेऊन हसायच्या आणि पलीकडच्या मळ्यातली माणसं काम थांबवून विचारायची, "काय झालं गं?"

बाळंतपणं घरीच झाली. धाकटा पोरगा तर असा दांडगा निघाला, की सुईणच भिंतीला टेकून बसली. बाळंतिणीला थोडं पडून राहू द्यावं, तर कांद्याची काढणी आलेली. कस्तुराबाई पाटी डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. कांदा वेळेत निघाला. बाईच्या आत काय निखळलं, ते विचारायची पद्धत आमच्याकडं नव्हती.

पुढं जमिनीवर टॉवर उभे राहिले. नवरा अण्णासाहेब शेतकरी होता तो पुढारी झाला. पांढरे कपडे, हातात कडं, काळी मोठी गाडी आणि चौकाचौकात फ्लेक्स : 'भावी नगरसेवक'. महापालिकेची निवडणूक पुढं पुढं जात राहिली आणि अण्णासाहेब वर्षानुवर्षं भावीच राहिले. ऊन-पावसात फ्लेक्स फाटले की ते नवे लावायचे. दर नव्या फ्लेक्सवर मिशी थोडी जास्त काळी व्हायची.

कस्तुराबाईंचं दुखणं याच सुखाच्या दिवसांत वाढलं. आधी शिंकेला थेंब सुटायचा. मग खोकल्याला. मग जिना उतरताना. आणि एकदा देहूरोडला भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या घोडीनं वरमाईच्या हातातला हार खाल्ला, तेव्हा कस्तुराबाई पूर्वीसारख्या खळखळून हसल्या आणि हसता हसता जागच्या जागी थिजल्या. पुढच्या क्षणी त्यांनी शेजारचा पाण्याचा तांब्या स्वतःच्या मांडीवर उपडा केला. "अगं बया, पानी सांडलं," म्हणाल्या. साऱ्याजणींनी पदरांनी पुसायला मदत केली.

त्या दिवशी कस्तुराबाईंनी हसणं सोडलं.

हसण्यापाठोपाठ पाणी गेलं. घराबाहेर पडायचं असलं की त्या सकाळपासून पाण्याला शिवायच्या नाहीत. गडद साड्याच नेसायच्या. कुठंही गेल्या तरी दाराजवळची जागा धरायच्या. माहेरी, खेडला जाणं तर बंदच झालं, कारण वाटेत चाकणचा चौक. त्या चौकात गाडी अडकली की आतल्या माणसाला नातवंडं होतात म्हणतात. तेवढा वेळ धीर धरायचं त्यांच्या अंगात राहिलं नव्हतं.

त्यांनी सांगून पाहिलं नाही असं नाही. एकदा धीर करून नवऱ्याजवळ बसल्या.

"अवो, मला खालचा तरास हाय."

अण्णासाहेब मोबाइलमध्ये होते. "माहितीय मला. खालच्या मजल्याला ओल आलीय. बिल्डरला झापलाय. प्लास्टर काढून देतो म्हणला."

मग त्या गल्लीतल्या डॉक्टरकडं गेल्या. त्यानं नाडी धरली, छताकडं बघत विचारलं, "वय काय?" आणि उत्तर ऐकून म्हणाला, "मग असणारच." लाल रंगाचं टॉनिक दिलं. टॉनिक गोड होतं, एवढाच त्याचा गुण.

टॉवरांत बाहेरगावची माणसं राहायला आली. लातूरच्या, वाशीमच्या, चिपळूणच्या बायका, घरची माणसं चाकणच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी. सोसायटीच्या क्लबहाउसात त्यांचं दर गुरुवारी भजन असायचं. त्याच्या पुढारी सुमनताई. लातूरकडं शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन मुलाकडं राहायला आल्या होत्या. समोर बसलेल्या माणसांना वळण लावायची सवय गेलेली नव्हती. अण्णासाहेबांच्या बायकोला बोलवायला हवं, म्हणून त्यांनी कस्तुराबाईंना बोलावलं.

कस्तुराबाई दाराजवळ बसल्या. पाय घट्ट जुळवलेले, पाठ ताठ, चेहरा गंभीर. कुणीतरी विनोद केला, साऱ्या हसल्या, त्या हसल्या नाहीत. सरबत आलं, त्यांनी हात जोडले. भजन रंगात आलं आणि त्या एकाएकी उठून निघून गेल्या. परत आल्या त्या हातपाय धुऊन, ओल्या पावलांनी, खाली मान घालून.

सुमनताईंनी हे सगळं पाहिलं. पुढच्या गुरुवारीही पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी बायकांना हलक्या आवाजात सांगितलं, "साधी बाई नाही ही. पाण्याचा थेंब घेत नाही. संसारातल्या गमतीला हसत नाही. आणि मधेच उठतात ना, तेव्हा त्यांना आतून बोलावणं येतं."

ते खरंच होतं. फक्त कुठून येतं, याबद्दल गैरसमज होता.

त्यात सुजितचं प्रकरण घडलं. सुजित हा वाशीमच्या एका बाईचा मुलगा, चाकणच्या कंपनीत कंत्राटी होता. त्याच्या आईनं कस्तुराबाईंसमोर हात जोडून विचारलं, "माझा सुजित कायम होईल का हो?" नेमकं त्याच वेळी कस्तुराबाई ताडकन उठल्या आणि घाईनं बाहेर गेल्या. महिन्यात सुजित कायम झाला. तेव्हापासून कस्तुराबाई साऱ्यांच्या माई झाल्या आणि ठरून गेलं : प्रश्नावर माई उठल्या तर होकार, बसून राहिल्या तर थांबा. जी बाई घरी येऊन माईंच्या दुपारच्या चहानंतर विचारायची, तिचं काम हमखास व्हायचं.

कस्तुराबाईंनी हातापाया पडून सांगितलं, "अवो, मी कसली माई? मला काय बी येत न्हाई." साऱ्या भारावल्या. खऱ्या संताला असं म्हणावंच लागतं.

अण्णासाहेबांना पहिल्यांदा संकोच वाटला. पण घरासमोर चपला वाढायला लागल्या, तेव्हा त्यांनी चपला मोजल्या आणि प्रत्येक जोडाला एक मत धरलं. नव्या फ्लेक्सवर 'कस्तुरामाई' आल्या. बायकोचा फोटो वाटाण्याएवढा, स्वतःचा भोपळ्याएवढा.

"मला त्यातनं काढा," कस्तुराबाई म्हणाल्या.

"अगं, तुला काय करायचंय? बसायचं फक्त. आन् हसू नको. ते लई भारी जमलंय तुला."

अशात विद्यापीठाचं पथक मोशीत आलं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर विजयश्री त्याच्या प्रमुख. बायकांच्या ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. बाळंतपणांनी, ओझ्यांनी ती सैल पडली की लघवी सुटते, कुणाचं अंग बाहेर येतं. त्याच्यावर त्या संशोधनही करायच्या आणि उपचारही. अडचण एवढीच, की त्यांना बाया मिळत नव्हत्या. शहरात लाखो बायका, त्यातल्या कितीतरी जणींना त्रास, पण पथकानं विचारलं की सगळ्या म्हणायच्या, "मला नाही बाई. जावेला विचारा." जाऊबाईलाही नसायचा.

महाविद्यालयानंही या कामाला मान दिला होता. विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर, जनरेटरच्या पलीकडं. लिफ्ट फक्त अधिष्ठात्यांच्या मजल्यावर थांबायची. लघवी न धरवणाऱ्या बाया जिने चढून यायच्या आणि तपासणीआधीच निम्मा निकाल देऊन जायच्या.

विजयश्रींनी मोशीत शिबीर घ्यायचं ठरवलं आणि सभागृहासाठी अण्णासाहेबांना गाठलं. अण्णासाहेबांनी लगेच होकार दिला, समिती नेमली. समितीत सगळे पुरुष. फ्लेक्सवर काय लिहायचं यावर तिची बैठक झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलेलं होतं : 'श्रोणितल विकार'. समितीतल्या खंडूनं, जो फ्लेक्स छापून आणायचा, विचारलं, "ह्या श्रोणीताई कोण?" त्यापेक्षा 'लघवीवर ताबा नसणे' असं सोपं लिहा, असं डॉक्टरांनी फोनवर सुचवलं, तेव्हा बैठकीत खोकण्याची साथ आली. शेवटी छापलं : 'महिलांच्या विशिष्ट त्रासाविषयी विशेष शिबीर'. वर साऱ्या समितीचे फोटो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, तो विशिष्ट त्रास म्हणजे हेच.

शिबिराला सभागृह भरलं, कारण दीपप्रज्वलन माईंच्या हस्ते होतं. व्यासपीठावर माई, अण्णासाहेब आणि समिती. एकेकानं उठून मातृशक्तीवर भाषण केलं. जिजाऊ झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाई झाल्या. बायका पदरानं वारा घेत होत्या. शेवटी, जेवणाआधी, डॉक्टर विजयश्रींना पाच मिनिटं मिळाली.

त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हसताना, खोकताना, शिंकताना लघवी सुटते, अशा किती जणी आहेत इथं?"

सभागृहात टाचणी पडली असती तर तीही लाजली असती. समिती पंख्याकडं बघायला लागली. खंडूनं बूट सोडला आणि पुन्हा बांधला. बायकांतून एक हात वर आला नाही.

आणि व्यासपीठावर कस्तुराबाई उठल्या.

उठल्या त्या डॉक्टरांच्या प्रश्नामुळं नाही. भाषणं लांबली होती, एवढंच. पण सभागृहात लाट उसळली, "माई उठल्या! माई उठल्या!" अण्णासाहेबांनी माइक ओढून घेतला, "शिबिराला माईंचा आशीर्वाद मिळालेला आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात कस्तुराबाई मागच्या दारानं निघाल्या. त्यांची घाईची, गुडघे जवळ धरलेली चाल डॉक्टर विजयश्रींनी पाहिली. असं चालणाऱ्या बाया त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्या मागोमाग गेल्या आणि मोरीबाहेर थांबल्या.

कस्तुराबाई बाहेर आल्या त्या पदर पिळत.

"किती वर्षं झाली, मावशी?"

कस्तुराबाईंनी आधी पाणी सांडल्याचं सांगायला तोंड उघडलं. मग ते त्यांना जमलं नाही. "धाकट्याच्या वक्ताला लागलं. आता तो बी बाप झाला."

"कुणाला सांगितलंत?"

"कुनाला सांगू?" त्या म्हणाल्या. "समदी मलाच सांगाया येत्यात."

आणि त्या रडल्या. आत सभागृहात आभारप्रदर्शन चालू होतं.

दवाखान्यात जायचं नाव काढल्यावर अण्णासाहेब दचकले. "माई दवाखान्यात? लोकं काय म्हनतील? दुसऱ्यांची दुःखं घालवनाऱ्या माईला दुखनं?"

"मग सांगा, माई दवाखान्याला आशीर्वाद द्यायला गेल्यात," असं म्हणून कस्तुराबाई पिशवी घेऊन बसला निघाल्या. वर्षानुवर्षांत नवऱ्याला दिलेलं हे त्यांचं पहिलं उलट उत्तर. त्याचा त्यांनाच इतका धक्का बसला, की दोन स्टॉप त्या तिकीट काढायचं विसरल्या.

तिथं त्यांना बाटलीभर पाणी प्यायला दिलं. त्या बाटलीकडं बघतच राहिल्या. मग खोकायला लावलं, जिना चढायला लावलं, जागच्या जागी उड्या मारायला लावलं. तपासून डॉक्टरांनी सांगितलं, "अंग थोडं खाली आलंय, पण लगेच ऑपरेशन नको. आधी व्यायाम. झोळी घट्ट करू. काही महिने नेमानं करावं लागेल. आणि पाणी सोडायचं नाही. पाणी कमी प्यायल्यानं त्रास कमी होत नाही, उलट आग होते, दुसरे आजार होतात."

व्यायाम शिकवायला श्रद्धा होती, फिजिओथेरपिस्ट, देहूरोडच्या एका कामगाराची मुलगी. तिनं सांगितलं, "मावशी, चारचौघांत वारा सुटायला लागला की कसं आवळून धरता? तसं. आत आणि वर ओढा. धरा. आता सोडा."

कस्तुराबाईंनी श्वास कोंडला, गाल फुगवले आणि भुवया केसांपर्यंत नेल्या.

"मावशी, भुवया नाही. खालचं."

"अगं, खालचं कुटं हाय त्येच इसारले मी."

"पुष्कळजणींना सापडत नाही. सापडेल. घाई नाही."

सापडलं. थोड्या दिवसांनी कस्तुराबाई ते कुठंही करायला लागल्या. भाजी निवडताना, बसमध्ये, भजनात. भजनात त्या डोळे मिटून बसायच्या, हळूच ओढून धरायच्या, हळूच सोडायच्या. चेहऱ्यावर मोठी एकाग्रता यायची. सुमनताईंनी ओठांवर बोट ठेवलं, "शूऽ. समाधी लागलीय." त्या गुरुवारपासून माईंची कीर्ती पिंपळे गुरवपर्यंत गेली. उपचार जसे लागू पडत गेले, तसा दर्शनाला येणाऱ्यांचा राबता वाढत गेला.

पाच-सहा महिन्यांत कस्तुराबाई रात्री निवांत झोपायला लागल्या. शिंक आली तरी कोरड्या. पाणी तांब्यानं प्यायला लागल्या. भजनातल्या दोघीतिघींनी ते पाहिलं आणि कुजबुजल्या, पण सुमनताई म्हणाल्या, "व्रताचं उद्यापन झालं असेल."

एवढ्यात निवडणूक खरोखरच जाहीर झाली. प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि अण्णासाहेबांची जागा महिलांसाठी राखीव झाली. ते अर्धा दिवस उपाशी राहिले. संध्याकाळी त्यांना सुचलं, की घरात एक महिला आहे. 'माई दर्शन सोहळा' ठरला. पुण्याहून पक्षाचे निरीक्षक शेखरदादा येणार होते, गर्दी बघून तिकीट द्यायला.

मैदान भरलं. कस्तुराबाईंना उंच खुर्चीवर बसवलं. प्रास्ताविकाला सुमनताई. त्यांनी माईंचं निर्जळी तप सांगितलं, मौन सांगितलं, जगाच्या दुःखानं सुकून गेलेलं हसू सांगितलं. मग निरीक्षकांकडं वळून, आवाज खोल करून म्हणाल्या, "आणि दादा, माईंना आतून बोलावणं येतं. ते आलं, की त्या एक क्षणही थांबू शकत नाहीत."

कस्तुराबाईंनी ओठ दाबले. पदर तोंडात घेतला. खांदे हलायला लागले. भाविकांना वाटलं, अंगात येतंय. पुढच्या रांगेनं हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडं बघितल्यावर बाईंचा इलाजच चालला नाही. त्या हसल्या. खुर्चीच्या दांड्या धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसल्या. माइक जवळ होता, त्यामुळं ते हसू कर्ण्यांतून निघून स्पाइन रोडच्या सिग्नलपर्यंत गेलं. मग त्या थांबल्या, मांडीवर हात फिरवून बघितला आणि परत हसल्या.

"सुमनताई," त्या म्हणाल्या, "अवो कसलं आतून बोलावनं! मला मुतायला लागायचं!"

पुढच्या रांगेतले जोडलेले हात सुटले.

"हासलं की सुटायची. म्हनून हासत नव्हते. पानी पीत नव्हते. दाराशी बसायचे. दवाखान्यातल्या पोरीनं व्यायाम शिकिवला. आता बगा, एवढी हासले, कोरडी हाय."

अण्णासाहेब धावत माइकशी आले. "माई… माई रूपकात बोलत आहेत!"

"रूपक न्हाई, लघवी," कस्तुराबाई म्हणाल्या.

शेखरदादांना तातडीचा फोन आला, न वाजलेला. ते निघून गेले. तिकीट दुसऱ्या एका भावी नगरसेवकाच्या बायकोला मिळालं. ती बाई सबंध प्रचारात एक शब्द बोलली नाही आणि निवडून आली.

सुमनताईंनी तपोभंग झाल्याचं जाहीर केलं. भजनी मंडळ फुटलं. चपला दिसेनाशा झाल्या. खंडूनं फ्लेक्स उतरवला आणि त्याचा आपल्या टपरीला आडोसा केला. अण्णासाहेब बायकोशी बोलेनात, ताट समोर आलं की भाकरीशी बोलायचे, "काहींना घराण्याची अब्रू कळत न्हाई."

पण वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर काहीतरी निराळंच चाललं होतं. बाकं पुरेनात. मोशीच्या, चिखलीच्या, भोसरीच्या बाया स्कूटीवरून यायच्या आणि उन्हासाठी तोंडाला बांधलेले स्कार्फ आत आल्यावरही सोडायच्या नाहीत. नुसते डोळे दिसायचे. एकमेकींना न ओळखल्यासारखं करून त्या एका रांगेत बसायच्या. एके दिवशी त्यातल्या एका स्कार्फनं रांग मोडणाऱ्या बाईला "शिस्त आहे की नाही काही?" असं खडसावलं, आणि त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजावर निम्म्या रांगेनं माना वर केल्या. शेजारच्या बाकावर कस्तुराबाई फेरतपासणीला आल्या होत्या, स्कार्फशिवाय. त्यांनी सरकून जागा केली. सुमनताई बसल्या. बऱ्याच वेळानं स्कार्फमधून आवाज आला, "तुम्हाला किती दिवसांत फरक पडला?"

सगळ्यांनाच पडला नाही. काहींना ऑपरेशन करावं लागलं, काहींनी व्यायाम अर्ध्यावर सोडला. खुद्द कस्तुराबाईंना मोठी सर्दी झाली की अजून थेंब सुटतो. पण डॉक्टर विजयश्रींचा अभ्यास पुरा झाला. लेखात 'सहभागी महिला कशा मिळाल्या' असं सांगायची वेळ आली, तेव्हा पथकानं बराच विचार करून लिहिलं, 'समाजातील एका आदरणीय व्यक्तीने केलेल्या जाहीर निवेदनामुळे.' परीक्षकांनी तेवढं एकच वाक्य न बदलता ठेवलं. अधिष्ठात्यांनी लेखाची फ्रेम करून आपल्या मजल्यावर लावली. स्वच्छतागृह मात्र अजून तळमजल्यावरच आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी अण्णासाहेब चहा पिता पिता भाकरीऐवजी बायकोशी बोलले. आधी हवेविषयी. मग महापालिकेविषयी. मग बशीकडं बघत म्हणाले, "ती तुजी डॉक्टरीन… मान्सांचं बी बघती का?"

"का?"

"सहज." त्यांनी बशी गोल फिरवली. "उभा ऱ्हायलो तरी व्हतच न्हाई. आन् झालं म्हनून निजलो, की परत उटावं लागतंय. लई दिस झालं."

कस्तुराबाई हसल्या नाहीत. "मला का न्हाई सांगितलं?" एवढंच विचारलं, आणि पायात चपला घातल्या.

ते काळ्या गाडीतून गेले. दवाखान्याच्या आवारात अण्णासाहेबांनी काचा वर केल्या आणि कुणी ओळखीचं दिसतंय का बघत आतच बसले. कस्तुराबाई एकट्या काउंटरला गेल्या आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे साऱ्या दालनाला ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "मानसांच्या लघवीचं डॉक्टर कुटं बसत्यात?"

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कुठाय?"

"गाडीत हाय. येतोय," कस्तुराबाई म्हणाल्या. "मला यायला लई वरसं लागली. त्येला तासभर लागंल."